करडईचे टाके

दुपारी जेवण झालं की मी आडवी होते. आजही डोळा लागतोय न लागतोय, पंख्याचा आवाज लांब लांब चाललाय. उशाशी आईअण्णांचा जुना गठ्ठा आहे. अण्णा शेतकी शाळेत शिकवायचे. मुलांना दाखवायला ते ज्वारी, जवस, अंबाडी, करडई अशी पिकं मुळासकट उपटून आणायचे, रद्दीत दाबून वाळवायचे. डिंकाला कसर लागते म्हणून जाड कागदावर प्रत्येक रोप सुईदोऱ्यानं टाचलं ते आईनं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. उद्या विद्यापीठातली माणसं हे सगळं घेऊन जाणार आहेत.

पायाशी आई बसली आहे. मांडीवर करडईचा कागद. ती दातांनी दोरे तोडते आहे.

"आई, अगं काय करतेस? उद्या द्यायचंय ते."

"दे की. मी नुसतं सैल करतेय."

"चुरा होईल त्याचा."

"किती वर्षं आवळून ठेवलंय गं मी ह्यांना."

ती गेली आहे, हे मला माहीत आहे. तरी मी पाय आखडून तिला जागा करून देते.

शेवटचा दोरा तुटतो. खाली फरशी नाही, काळी माती आहे. कमरेएवढी काटेरी करडई फुलली आहे आणि तिच्यामधून दवाखान्यातल्या खाटांची रांग गेली आहे. आई एका खाटेवर. दोन्ही मनगटं पट्टीनं कठड्याला बांधलेली. शेवटी शेवटी ती अशीच होती. नळ्या उपटायची, म्हणून बांधावी लागली. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, मला पटलंही होतं. तिच्या मात्र ते कळण्यापलीकडे गेलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघायची.

"नलू, सोडतेस का?"

मी गाठीला नखं लावते. सुटत नाही. दातात धरते. पट्टीला औषधाचा वास येतो.

"सावकाश," आई म्हणते. "मला कुठं जायचंय."

एक हात सुटतो. त्या हातानं ती माझ्या कपाळावरचे केस मागे सारते.

"फार दुखायचं का गं?"

"हात नव्हते दुखत. तू रडायचीस, आणि मला असं करता यायचं नाही."

दुसरी गाठ सोडायला मी वाकते, तर खाट रिकामी आहे. मी पिकात शिरते. आई, आई करत दोन्ही हातांनी झाडं बाजूला सारत जाते. पुढं नुसती करडईच.

जाग येते तेव्हा उशी भिजली आहे. गठ्ठा सोडून बघते. सगळे कागद धड आहेत, एकही टाका उसवलेला नाही. तोंडावर पाणी मारून चहा ठेवायला जाते. गॅसची कळ फिरवताना तळहात ठुसठुसतो. खिडकीशी जाऊन बघते, तर अंगठ्याच्या मुळाशी पानाचा काटा रुतलाय.

बाहेर श्रावण आहे. करडई पेरायलाच अजून अवकाश आहे. मी काटा ओढून काढते आणि बोटावर धरते. हिरवा आहे, बुडाशी ओला.