खुराकी वेगळी

कशेडी घाटात ट्रक अडकले की त्यांच्या हॉर्नवर मात करणारा एकच आवाज आहे, तो आमच्या सुहासचा. मासळीवाल्या त्याला लांबून पाहूनच भाव उतरवतात. पण समोर भावकीतला माणूस आला की हाच गडी गरीब गाय होतो.

सुहास पोलादपूरचा वेल्डर. गुजरातेत दहेजला कारखान्याचं दोन महिन्यांचं काम निघालं आणि ठेकेदार होता चुलतभाऊ अश्वजित. मागच्या खेपेला खुराकी, म्हणजे परगावच्या खाण्याराहण्याचा खर्च, मजुरीतूनच कापली गेली. सुहास रिकाम्या खिशाने आणि सुटलेल्या पोटाने घरी परतला होता.

या वेळी अश्वजितच्या घरी बोलणी करायला निघताना बायकोने, उज्वलाने, बजावलं, "मजुरी घरी आली नाय, तर मी मुंबईला धुण्याभांड्याला जाते. पोर ऱ्हाईल आईकडं. आणि तिथं जेवू नका. जेवलात की तुमची वाचा बसते."

महाडला अश्वजितच्या आईने, चंपाकाकीने, ताट वाढूनच ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण.

"नको काकी, भूक नाय."

"भूक नाय का आमच्या घरचं आता चालत नाय रे?"

संपलं. सुहासने तीन भाकऱ्या रिचवल्या.

हात धुताना अश्वजित म्हणाला, "खुराकी मजुरीतच हां."

ज्या घरात आत्ता जेवलो तिथेच जेवणाचे पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? सुहास म्हणाला, "माझं सोड. पण संगं येणारा फिटर भिकू परका हाय, त्याला वेगळी दे." आणि भिकूसाठी तो असा कडाडला की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

"देतो बाबा," अश्वजित हसला. "परक्याला द्यावीच लागते. तू घरचा."

"भिकूची मिळवली!" सुहासने घरी छाती काढून सांगितलं. उज्वलाने चप्पल घातली आणि महाडची एसटी पकडली.

ती अश्वजितच्या ओटीवर बसली. काकीने पाणी आणलं.

"आधी बोलणं, काकी. मग पाणी."

काकीचा चेहरा उतरला. "एवढं परकं केलंस गो आमाला?"

"परक्यालाच मिळते म्हणं खुराकी. मग आज मी परकी."

अश्वजितने आतून नोटा आणून पुढ्यात ठेवल्या. आठवड्याची खुराकी, आगाऊ. काकीने मात्र भरलेला तांब्या उचलून आत नेला, तो पुन्हा बाहेर आणला नाही.

दहेजची गाडी निघाली त्या दिवशी सुहास नेहमीसारखा अश्वजितशेजारी पुढे बसायला गेला.

"ओ वेल्डर," अश्वजित म्हणाला, "कामगार मागं बसतात."

सुहास भिकूशेजारी जाऊन बसला.