हेरंब इव्हेंट्सचा पहिला कार्यक्रम

हेरंब साटमला कंपनीने काढलं तेव्हा केक कापला. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत, आणि तिच्यात ही इव्हेंट कंपनी. याच आवारातून हेरंबच्या वडिलांनाही एकदा बाहेर काढलं होतं, पण त्या काळचे मालक मागासलेले. त्यांनी गेटला कुलूप लावलं आणि विषय संपवला. आता जग सुधारलंय. काढलेल्या माणसांना उभारी यावी म्हणून एक मुलगी खास बोलावली होती. ती म्हणाली, "नोकरी गेली असं म्हणायचं नाही, मी मोकळा झालो असं म्हणायचं. आता आपलं पर्पज शोधा." हेरंबने टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं लोकांच्या समारंभात टाळ्या कधी पडायला हव्यात हे तोच ठरवत होता. ती सवय काही केकबरोबर सुटली नाही.

पर्पज शोधायला लालबागच्या चाळीसारखी जागा नाही. तिथे प्रत्येकाने स्वतःचं सोडून दुसऱ्याचं तयार ठेवलेलं असतं. एकाने मालवणी मसाल्याचा धंदा सुचवला. तो चाळीतली अर्धी घरं आधीच करत होती आणि मसाला एकमेकांनाच विकत होती. दुसरा म्हणाला, विमा विक. तिसऱ्याने रोज सकाळी 'जो होता है अच्छे के लिए होता है' असे उगवत्या सूर्याचे फोटो पाठवायला सुरुवात केली. तो स्वतः सरकारी नोकरीत होता, त्याला सूर्य परवडत होता. बायको मेघना दादरच्या शाळेत शिकवायची. ती काहीच बोलली नाही, आणि तेच हेरंबला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी त्याने 'हेरंब इव्हेंट्स' काढलं. म्हणजे आपल्याच नंबरवर व्हॉट्सअॅपचं धंद्याचं खातं उघडलं, त्यावर फुगे लावले, आणि कुणीही पहिल्यांदा मेसेज केला की उत्तर आपोआप जाईल अशी सोय केली. बारसं, साखरपुडा, वाढदिवस, सगळं करू. कुणी काही करायला दिलं नाही. एक चौकशी आली, ती खुर्च्या भाड्याने मिळतील का म्हणून.

आणि मग पहिल्या मजल्यावरचे कुशाबाकाका गेले.

चाळीत मयत झालं की बाबुराव, हा नियम होता. बाबुरावांना कुणी बोलवायचं नसतं. रडण्याचा आवाज आला की ते शर्टाच्या बाह्या सरसावत हजर. डॉक्टरचा दाखला, बांबू, सुतळी, मडकं, शववाहिका, भोईवाड्याच्या स्मशानातली वेळ, सगळं त्यांना तोंडपाठ. पैसा घ्यायचा नाही, चहा घ्यायचा नाही. एवढं केल्याबद्दल चाळीने त्यांना मान काय दिला, तर कुणी आजारी पडलं की बाबुरावांनी चौकशीला येऊ नये अशी विनंती. पण आता त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, ते गॅलरीत खुर्चीवर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हेरंबला खूण केली.

"चल, तू रिकामाच आहेस ना?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न हेरंबला टोमण्यासारखा वाटला नाही, असं पहिल्यांदा झालं. तो उतरला. आणि खरं सांगायचं तर उतरला तो कामालाच लागला. कुठला नातेवाईक कुठून निघालाय, कुणासाठी थांबायचं, कुणासाठी नाही, म्हाताऱ्यांना खुर्च्या कुठे, शववाहिका गल्लीत वळणार कशी, हे त्याला सुचत गेलं. कुशाबाकाकांचा मुलगा दीपक पनवेलहून येईपर्यंत तिरडी बांधून तयार होती. बाबुराव वरून ओरडून चुका काढत होते, पुढेपुढे त्यांना चुका सापडेनात, म्हणून ते चिडले. संध्याकाळी हेरंब आंघोळ करून जेवायला बसला, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याला बरं वाटत होतं. शेजारचा माणूस जाळून आलो आणि भूक लागली! मेघनाने काही न विचारता आणखी भात वाढला.

हे सुख तीन दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी दीपकने रीतीला धरून मेसेज केला: 'हेरंब, बाबांचं सगळं नीट केलंस. उपकार विसरणार नाही.' आणि हेरंब इव्हेंट्सने, मालकाला न विचारता, तत्काळ उत्तर दिलं: 'नमस्कार! आपल्या आनंदाच्या क्षणी आमची निवड केल्याबद्दल आभार! पुढच्या कार्यक्रमासाठी आजच बुक करा आणि खास सवलत मिळवा!' खाली फुगे, कागदी पताका आणि नाचणारी बाई.

त्या घरात आता कुशाबाकाकांची बायको, कमलकाकी, एकटीच उरली होती. वय अठ्ठ्याहत्तर. पुढचा कार्यक्रम कुणाचा, हे कळायला पंचांग लागत नव्हतं.

दीपक दारात येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. हेरंब म्हणत राहिला, "अरे आपोआप गेलं ते, मशीनने पाठवलं," पण माणसाला मशीनच्या मागे लपताना बघून कुणाला दया येत नाही. मेसेजचा फोटो चाळीच्या ग्रुपवर फिरला. उगवत्या सूर्यवाल्याने पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने लिहिलं, 'लाज आहे का?' बाबुराव म्हणाले, "आयुष्यभर मयतं केली, एकालाही परत या म्हटलं नाही." ग्रुपवर ठरलं, यापुढे मयताला हेरंब नको.

आठवड्याभरात मागच्या चाळीतली एक म्हातारी गेली. हेरंब गॅलरीतून बघत राहिला. पोरांनी बांबू उलटे धरलेले, मडकं आणायचंच विसरलेले, शववाहिका गल्लीच्या तोंडाशी अडकून हॉर्न वाजवतेय. त्याचे हात शिवशिवत होते. खाली उतरायला दोन जिने, पण ते उतरायची हिंमत होईना. नोकरी गेली तेव्हा तो एवढा हरला नव्हता. तिथे त्याची गरज नव्हती, इथे होती आणि तरी तो नको होता. मेघना मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जा ना." तो गेला नाही.

कुशाबाकाकांचं तेरावं झालं, दीपक पनवेलला परत गेला, आणि दुसऱ्याच दिवशी कमलकाकीने हेरंबला निरोप धाडला. हेरंबने स्वच्छ शर्ट घातला, जसा इंटरव्ह्यूला घालायचा. दारातच थांबला.

"मेल्या, आत ये. दारात उभो रवान काय करतंस?"

"काकी, चुकलं माझं. मी मुद्दाम नव्हतं पाठवलं..."

"दीपकान माका वाचून दाखवल्यान. रडॉन रडॉन माजो घसो बसलेलो, आणि ता आयकून माका हसू इला. झील माज्यावरच कावलो. म्हणता, आये, तुका लाज नाय?" काकी आताही हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "त्येका सांगलंय, पनवेलाक माका न्हेव नको. हयसरच बरा आसा."

हेरंब आत येऊन जमिनीवर टेकला.

"मी गेल्यार माजा सगळा तूच कर. पण ता होईत तेवा होईत," काकी म्हणाल्या. "मेल्यार चार माणसा उचलूक येतत रे. जित्या माणसाक बघूक कोण येता? तू रोज सकाळी येवन दार वाजव. मी उघडलंय तर चाय घे. नाय उघडलंय, तर मगे तुजा काम सुरू."

हेरंब रडला. केक कापला तेव्हा रडला नव्हता, दीपक बोलून गेला तेव्हाही नाही. आता मात्र म्हातारीच्या समोर जमिनीवर बसून, स्वच्छ शर्टाच्या बाहीने नाक पुसत, तो लहान पोरासारखा रडला. काकींनी त्याला गप्प केलं नाही. त्यांनी त्याला रडू दिलं, आणि स्वतः चहाचं आधण ठेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार वाजवलं. आतून काहीच आवाज नाही. पुन्हा वाजवलं. आजवर तो किती ऑफिसांच्या दाराबाहेर बसला होता, पण कुठलंही दार उघडावं म्हणून त्याने असा जीव मुठीत धरला नव्हता. दीपकचा नंबर लावावा म्हणून त्याने खिशात हात घातला, आणि तेवढ्यात आत कडी खडखडली.

"कावळो उठूच्या आदी इलस तो?" काकी दार उघडून म्हणाल्या. "साखर संपली हा. जा, आदी साखर घेवन ये."