लाइट गेली अन् पाय हलला

मंडळी, आज दुपारची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या हंगामात कापसाच्या ट्रॉलीवरून पडून माझ्या नवऱ्याच्या मणक्याला मार लागला. तेव्हापासून पायात जोर नाही. चिखलीला फिजिओथेरपीला नेते. तिथल्या मॅडम मांडीला पट्ट्या चिकटवून मशीननं करंट देतात. करंट आला की यांनीही गुडघा सरळ करायला जोर लावायचा. "दादा, सगळं मशीनवर सोडू नका," हे मॅडमचं रोजचं.

आज मधेच लाइट गेली. मशीन बंद पडली. हे डोळे मिटून, दात आवळून बसलेले, यांना पत्ताच नाही. मी बोलणार तेवढ्यात मॅडमनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, "हं दादा, लावा जोर!"

पाय हलला. थोडासाच, पण हलला.

"आज करंट कमी लागून राह्यला मॅडम," हे म्हणाले.

"दादा, लाइट तं कवाचीच गेली!" मॅडम म्हणाल्या.

हे माझ्याकडे पाहतच राहिले. "मंग पाय कोनं हलवला वं?"

मॅडमचे उपकार तर आहेतच. पण लाइट गेली की रोज बोटं मोडणारी मी, आज ती गेल्याबद्दल हात जोडले. असं तुमच्यापैकी आणखी कोणी केलंय का हो?