सामानाच्या काट्यावर लेक

लेक पोटात असताना मी कापूस वेचत होते. त्या वर्षी आमच्या शिवारात बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि कुजलेली सरकी. दिवसभर वेचूनही कमरेला बांधलेली ओटी भरत नाही म्हटल्यावर मजूर बाया येईनाशा झाल्या. मी आणि नवरा, दोघंच वेचायचो. आठव्या महिन्यात शेतातच पोटात कळ आली आणि लेक लवकर जन्मली.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वजन वाढतंय का, तेवढं बघत राहा. घटलं तर थांबू नका." तेव्हा ती एक किलो नऊशे होती. गावात बाळांचं वजन करायचा काटा होता, तो नेमका दुरुस्तीला गेला. मग नवऱ्याने वेचणीचा काटा काढला. प्रवासाच्या बॅगा मोजायचा, हातात मावेल एवढा डिजिटल काटा. त्याने तो शेगावहून आणला होता आणि त्यावर आम्ही कापसाची गाठोडी तोलायचो.

काटा आढ्याला टांगला, लुगड्याची रिकामी झोळी अडकवून आकडा शून्यावर आणला, मग तिच्यात लेकीला ठेवलं. दोन किलो शंभर. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

सासूबाई मात्र तिला तेल लावताना म्हणाल्या, "काटा म्हणते वाढली, पण हिच्या मांड्या पाह्य बरं. कातडं लोंबून राह्यलं."

मला ते ऐकायचं नव्हतं. पण दुपारी ती दोन घोट पिऊन गळून पडली, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मिठाची किलोची नवी थैली आकड्याला अडकवली. एक किलो दोनशे तीस.

"थैली ओली असन," नवरा म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. वेचणीच्या वेळी त्याने या काट्याला झेपणार नाहीत एवढी मोठी गाठोडी लावली होती.

मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात गेले. दुकानदार चाचांनी इलेक्ट्रिक काटा घेतला होता, पण जुनी लोखंडी वजनं अजून ठेवली होती.

"चाचा, दोन किलोचं वजन देता काय? पोरीले मोजाचं हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोत्यामागून वजन काढलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. "चल, मीबी येतो."

त्या वजनाला काट्याने दोन किलो चारशे साठ दाखवले.

काट्याच्या खोक्यात तो पुन्हा बरोबर जुळवायची रीत सांगणारा बारीक इंग्रजीतला कागद होता. माझी बारावी झालेली, अडखळत वाचला. बटण दाबून धरायचं, आकडा लुकलुकला की ठरलेलं वजन टांगायचं, आणि ते हलू द्यायचं नाही. मी घाईने वजन अडकवलं. वजन झुलत असतानाच आकडा पक्का झाला. मग मीठ टांगलं तर आठशेच.

"ठेव तो! फोडूनच टाकतो," नवरा ओरडला.

"गुस्सा करून काय होते?" चाचा म्हणाले. "खाली बाज घे. वजन तिच्यावर टेकव, मंग हळू सोड."

दुसऱ्यांदा वजन अजिबात हललं नाही. लोखंड बरोबर दोन किलो, मीठ बरोबर एक.

मग लेक. एक किलो सातशे.

"पुन्हा कर," नवरा म्हणाला. पुन्हा केलं. तेवढंच.

सासूबाई फडकी गोळा करायला लागल्या. चाचांनी भाच्याला फोन लावून गाडी मागवली. आम्ही बुलढाण्याला निघालो. घाटभर मी लेकीच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. पुढे बसलेला नवरा मागे वळून बघत नव्हता, नुसतं विचारायचा, "हाय ना?"

"हाय."

थोड्या वेळाने पुन्हा, "हाय ना?"

दवाखान्यात तिला माझ्या हातातून घेतलं आणि काचेच्या दारामागे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगता येणार नाही." मी वाटीत दूध पिळायचे, तळ झाकेल एवढंही निघत नसे. जे निघे ते नळीने तिच्या पोटात जायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ गेलं. त्या दिवशी मी देवाचंही नाव घेतलं नाही, घ्यायची भीती वाटली.

नवरा मध्ये एकदाच गावी जाऊन आला. उभ्या कपाशीत दुसऱ्याच्या बकऱ्या चरत होत्या, त्याने हाकलल्या नाहीत.

एका सकाळी सिस्टरने लेकीला माझ्या अंगाशी दिलं. "लावून बघा." बराच वेळ तिने तोंड नुसतं टेकवून ठेवलं. मग ओढ लागली. बारीक, पण लागली.

नवरा खिडकीबाहेर उभा होता. त्याने हातानेच विचारलं, काय?

"पिऊन राह्यली," मी म्हटलं.

त्याला काचेतून ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला, आणि बराच वेळ मला फक्त त्याच्या डोक्यावरचे केस दिसत राहिले.