गाळ समजून नेलेली माती

मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, रसायनांचा एक कारखाना होता. तो बंद पडला. आधी यंत्रं गेली, मग पत्रे. उरली पडकी भिंत आणि आतली जमीन. भिंतीपलीकडे आमच्या गावची सरकारी मराठी शाळा. शाळेला मैदान नव्हतं. मुली रस्त्याच्या कडेला खो-खो खेळत आणि ट्रक आला की डाव थांबवत.

मुख्याध्यापिका याच गावची सून. जागा शाळेला मिळावी म्हणून त्यांनी अनेक वर्षं अर्ज केले. अखेर मंजुरी आली. वरची माती विषारी आहे, ती काढून दूरच्या पक्क्या खड्ड्यात पुरायची, इथं नवी माती भरायची, मग जागा शाळेची. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. 'माती काढण्यास प्रारंभ' अशी बातमी मीच दिली. त्या मातीला हात का लावायचा नाही, हे बातमीत नव्हतं.

जेसीबीनं वरचा थर खरवडून भिंतीलगत ढीग घातला. 'प्रवेश बंद'चा फलक फाटकावर होता; भिंत मागच्या बाजूनं पडलेली होती. माती नेणाऱ्या लॉऱ्या वेळेवर आल्या नाहीत.

आमच्याकडे मृगाच्या आधी, तळं आटलं की गाळ काढतात. काढलेला गाळ ज्याला हवा त्यानं शेतात घालायला न्यायचा. कुणाला विचारायचं नसतं, कुठं लिहून ठेवायचं नसतं. उशिरा येणाऱ्याला मिळत नाही, एवढाच नियम. ऐन उन्हाळ्यात सरकारी यंत्रानं काढलेली काळी, भुसभुशीत माती उघड्यावर पडली होती. ती नेण्यात गैर आहे असं कुणाला वाटलं नाही. पहिला ट्रॅक्टर शाळा समितीच्या अध्यक्षांचा होता. जागेसाठी बाईंबरोबर सर्वांत जास्त हेलपाटे त्यांनीच घातले होते. चार दिवसांत ढीग संपला.

लॉऱ्या आल्या आणि रिकाम्या गेल्या. अधिकाऱ्यांनी काम थांबवलं. त्यांनी अट घातली: माती कोणकोणत्या शेतात गेली त्याची यादी द्या, आम्ही ती उचलून नेऊ; यादी पूर्ण झाल्याशिवाय पुढचं काम होणार नाही. कागद इकडून तिकडे जाण्यात निम्मा पावसाळा गेला. मग बाईंनी वर्गातच सभा बोलावली.

"अण्णा, तुमच्यापासून सुरू करू," त्या अध्यक्षांना म्हणाल्या.

"कामून माझ्यापासून?"

"पहिला ट्रॅक्टर तुमचा होता."

"व्हय. आन् दुसरा तुमच्या दिराचा. त्यो न्हाई दिसला?"

मागचे हसले. बाईंना हे ठाऊक नव्हतं. दीर शेवटच्या बाकावर खाली बघत बसला होता.

"तूर बघा जाऊन," अध्यक्ष म्हणाले. "कमरंला लागायलीय. इखारी माती असं पीक देती व्हय?"

"मग सांगायला कशाला भिता?"

"बाजारात आडत्या इचारतो, कुठली तूर म्हणून. गावाचं नाव खराब झालं की समद्यांचीच पडून ऱ्हाती. तुमचं काय, तुमी पगारी माणसं."

बाईंनी कागदावर स्वतःच्या घरच्या शेताचा सर्व्हे नंबर लिहिला आणि कागद पुढे दिला. तो सगळ्या बाकांवरून फिरला. परत आला तेव्हा त्यावर तेवढा एकच नंबर होता.

आठवड्याभरात जेसीबी त्या शेतात आला. उभी तूर उपटली गेली, खालची माती लॉरीत भरली गेली. सगळं गाव बांधावर उभं राहून बघत होतं.

"तुमी सांगितलं, म्हणून तुमचंच नेलं," अध्यक्ष म्हणाले.

"न्यायलाच सांगितलं होतं, अण्णा."

दिरानं बाईंशी बोलणं सोडलं. अधिकाऱ्यांचं उत्तर आलं: यादी अपूर्ण, काम स्थगित.

ते पत्र घेऊन बाई माझ्याकडे आल्या. "माती कुणाकुणाच्या शेतात आहे, तुम्हाला माहीत आहे."

"गावात सगळ्यांना माहीत आहे."

"मग छापा."

मी म्हणालो, अधिकृत दुजोऱ्याशिवाय नावं छापता येत नाहीत. नियम तसाच होता.

"दुजोरा कोण देणार?" बाईंनी विचारलं. "तूर?"

मी 'शाळेच्या मैदानाचे काम रखडले' एवढीच बातमी पाठवली. ती आतल्या पानावर आली, नावांशिवाय. पौषात तूर निघाली आणि नेहमीच्या आडतीवर विकली गेली. अध्यक्षांना एकरी चांगला उतारा पडला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कारखान्याच्या जागेत खरवडलेला खड्डा तसाच आहे. पुढच्या पावसाळ्यात त्यात पाणी साचलं, तेव्हा भोवती तारेचं कुंपण घातलं गेलं. ते घालताना शाळेची दोन हात जागाही कुंपणाच्या आत गेली.