बाईंच्या दोन टिचक्या

देवरे बाई कुठलंही काम सुरू करण्याआधी डाव्या हाताच्या बोटाने दोन टिचक्या मारत. संगणकासमोर बसलेल्या असल्या तर त्या एस्केपच्या कळीवर पडायच्या, नसल्या तर डब्याच्या झाकणावर, आणि एकदा तर मोठ्या साहेबांच्या काचेच्या टेबलावर. आम्ही त्यांना मागून ‘एस्केपबाई’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात संगणक विभागात लागले, तेव्हा बाई तिथल्या प्रमुख होत्या. मजकूर लिहायला आम्ही ‘व्हीआय’ नावाचा एडिटर वापरायचो. त्याच्या दोन अवस्था. एकीत कळ दाबली की अक्षर उमटतं, दुसरीत तीच कळ हुकूम होते, ओळ पुसते, हलवते, बदलते. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे पडदा सांगत नाही, आपणच लक्षात ठेवायचं. म्हणून त्या दोन टिचक्या. एस्केप दाबला की माणूस खात्रीने हुकमाच्या बाजूला येतो. मी पहिल्या दिवशी त्यातून बाहेर पडता येईना म्हणून संगणकच बंद केला होता. बाई म्हणाल्या, “दार सापडलं नाही म्हणून कुणी घर पाडतं का?”

पण त्यांचं काम बघत राहावं असं होतं. एकदा सगळ्या सुट्या भागांचे क्रमांक बदलायचं ठरलं. हजारो ओळी होत्या, आम्ही दोघी-तिघी आठवडाभराची तयारी करून बसलो. बाईंनी टिचक्या मारल्या, हुकमाची एक ओळ लिहिली आणि चहा निवायच्या आत काम संपवलं. त्या दिवसापासून मी त्यांची भक्त झाले. भक्ताला असते तशी थोडी घमेंडही मला आली.

मग विमल आली. सिन्नरहून एसटीने यायची. पॅकिंग खात्यात खोकी उचलून तिची पाठ कामातून गेली होती. साहेबांनी तिला दोन महिने दिले होते. भागांच्या याद्या टाईप करता आल्या तर ऑफिसात बसायचं, नाहीतर परत खोकी. तिला एवढंच हवं होतं. पलीकडच्या संगणकावर एक साधा एडिटर होता, उघडा आणि लिहा. मी बाईंना तो सुचवला. त्या म्हणाल्या, “आज सोपं दिलं तर जन्मभर सोप्यातच राहील. मी तिला कमी का लेखू?”

त्यांचं मन खोटं नव्हतं. रोज जेवणाची सुट्टी मोडून त्या विमलला शिकवत. विमल वहीत सगळं उतरवून घ्यायची, आणि घाईत अवस्था बदलायला विसरून भागाचं नाव लिहायला जायची, की यादीतल्या ओळीच गायब. “ताई, हे यंत्र मला लिहूच देत नाय,” ती मला म्हणाली. दोन महिन्यांनी ती पॅकिंगला परत गेली आणि दिवाळीनंतर तिने कामच सोडलं. पलीकडचा संगणक मला तिच्यासाठी गुपचूप उघडून देता आला असता. मी दिला नाही, कारण अवघड येणाऱ्यांतली एक असण्याची मला चटक लागली होती. याची मला आजही लाज वाटते.

बाई निवृत्त होऊन शहरातल्या द्वारका चौकाजवळ भाच्याकडे राहायला गेल्या. पुढे काही वर्षांनी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मी भेटायला गेले तेव्हा भाच्याच्या संगणकावर व्हीआय उघडून बसल्या होत्या. डाव्या बोटाने टिचक्या नेमक्या पडत होत्या, पण पुढे आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे लक्षात राहत नव्हतं. लिहायला जात आणि ओळी पुसल्या जात. तीनदा तसं झालं. मी साधा एडिटर उघडून दिला.

दहा मिनिटांत, एका हाताने, त्यांनी दोन ओळी लिहिल्या. बाई सटाण्याकडच्या, पण ऑफिसात कधी अहिराणी बोलल्या नव्हत्या. आता पडद्याकडे बघत म्हणाल्या, “हाई सोपं शे.” मग विचारलं, “विमलचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?”

त्याच साध्या एडिटरमध्ये त्यांनी विमलला लिहिलेलं पत्र छापून घेऊन मी सिन्नरला गेले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: विमल, तू शिकण्यात कमी पडली नाहीस. मी शिकवण्यात हट्ट केला.

विमलने कागद दोनदा वाचला. “बाईंनी स्वतः लिहिलं?”

“हो. एका हाताने.”

“त्या अवघडातच?”

“नाही. साध्यात.”

तिने कागदाची नीट घडी घातली. “बरं झालं,” ती म्हणाली, “त्यान्ला कुणीतरी ते उघडून दिलं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला मान वर करता येईना.