कोनची झाकलेली विहीर

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मी पनवेलला एका छोट्या अभ्यासगटात होते. वीजकेंद्रांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, पाइपांतून न्यायचा आणि जमिनीच्या पोटात कायमचा कोंडायचा. हे देशभर कुठे आणि कसं जमेल, याचा आराखडा आम्ही करत होतो. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, म्हणून माझ्या वाट्याला आपल्याकडचा काळा कातळ आला. या कातळात मुरलेल्या वायूचा हळूहळू दगड होतो असं वाचलं होतं, आणि माझा त्यावर गाढ विश्वास होता.

भूजलाचे नमुने हवे होते. हिवाळ्यातल्या एका दुपारी आमचे गटप्रमुख सर आणि मी पनवेलजवळच्या कोन गावी गेलो. एक्सप्रेसवेवरच्या गाड्यांची घरघर ऐकू येईल इतक्या अंतरावर, एका पडीक शेतात जुनी विहीर होती. तोंडावर फळ्या, फळ्यांवर दगड. आम्हाला बघून शेताची मालकीण घरातून आली. साठीच्या आसपासची बाई.

"ती उगडू नका," ती म्हणाली. "तिच्यात वारा हाय."

"कसला वारा, मावशी?"

"माजा नवरा गाळ काढाया उतरला. माज्याशी बोलता बोलता खाली बसला. त्याला आनाया दीर उतरला, तो पन त्याच्या बाजूला जाऊन बसला. आडवं नाय झालं कोनी. दोगं शेजारी बसलेले, मी वरून हाका मारतेय."

सर हळू आवाजात म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड असेल. तो वायू हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचून राहतो. आम्ही त्याचंच काम करतो. बाटलीभर पाणी तेवढं हवंय."

"असंल," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच दगड आणि फळ्या बाजूला केल्या. "लांबून बगा."

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. बेडूक नाही, पारवा नाही, कठड्याच्या आत कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. मी दोरीला बाटली बांधून सोडली आणि ती बुडते का ते बघायला वाकले. जिभेवर सोडावॉटरसारखी आंबट चव आली. मग जाणवलं, मघापासूनची गाड्यांची घरघर आता ऐकू येत नव्हती. दम लागला. पाण्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो मला फार जवळ वाटला. सरांनी दंड धरून मला मागे ओढलं. मी जमिनीवर बसले, तशी ती बाई ओरडली, "बसू नको, बाय! ऊठ आदी!"

"विहिरीतला वायू कुजलेल्या पाल्याचा असेल, नाहीतर कातळातून वर आलेला असेल," परतताना सर म्हणाले. कुठला, ते आम्हाला कधीच नक्की सांगता आलं नाही.

आराखड्यात मी एक प्रकरण वाढवलं: वायू खाली सोडण्याआधी त्या भागातल्या जुन्या विहिरी, बोअर आणि खाणी शोधाव्यात, आणि तिथल्या माणसांना विचारावं.

"हे ठेवलंस तर दिल्लीत आराखडा मांडताना पहिला प्रश्न यावरच येईल," सर म्हणाले.

"येऊ दे."

त्यांनी ते ठेवलं. दिल्लीच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने विचारलं, देशात अशा बुजलेल्या, विसरलेल्या विहिरी किती असतील? पुढे आणखी अभ्यास हवा असा शेरा पडला आणि आमचा गट विखुरला.

काही वर्षांनी त्या शेतावर इमारत उठायची ठरली. विहीर बुजवायच्या दिवशी त्या बाईने मला आवर्जून बोलावून घेतलं. सकाळ होती, वारा पडलेला. मुरूम भरलेला डंपर उभा होता. तिने नारळ फोडला आणि पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा कठड्याच्या आतल्या फटीत खोचला.

धूर वर आला नाही. तो आत उतरला, हातभर खाली जाऊन थांबला आणि दुधावर साय धरावी तसा सपाट पसरला. त्याच्याखाली पाणी तसंच स्वच्छ दिसत होतं. डंपरवाला पुढे येऊन बघून गेला आणि गाडीत जाऊन बसला.

"टाकू का?" त्याने आतूनच विचारलं.

बाईने डोक्यावर पदर घेतला. "जरा थांब," ती म्हणाली. "हालतंय ते."

खरंच, धुराची साय मधोमध वर येत होती, खाली बसत होती, श्वास चालल्यासारखी.